सतराचा पाना

रात्रपाळीहून आलो तेव्हा तोरल जागीच होती.
वहीत एक वर्तुळ, त्यात खाली झुकलेला किरण
आणि कडेला सरांची लाल फुली.
उणे साठ, तिने विचारलं,
म्हणजे नक्की किती कमी?

मी मकरपुऱ्यात फिटर. बावीस वर्षं.
मला उणं ठाऊक ते पगाराच्या पावतीवरचं:
पीएफ, कॅन्टीन, गणपतीची वर्गणी.
कोन कसा उणा असेल?
भिंतीला टेकलेली शिडी कधी
उणी टेकते का?

तरी पिशवीतून सतराचा पाना काढला,
फरशीवर आडवा ठेवला,
टोक तिकडे, जिकडून सकाळचं ऊन येतं.
ही तुझी आरंभ भुजा, म्हटलं
(शब्द तिच्याच पुस्तकातला).
आता नट सैल करायचाय. फिरव.

तिने फिरवला, घड्याळाच्या उलट.
आता आवळ.
पाना मागे आला, आरंभापाशी थांबला नाही,
सरकत सरकत माझ्या पायाच्या अंगठ्याला लागला.

किती फिरला?
साठेक.
कमी फिरला का?
ती पान्याकडे बघत राहिली.
नाही. तेवढाच. फक्त दुसऱ्या अंगानं.

मग फुली कशाला?
किरण खाली गेला, म्हणून मी दोन्ही उणे लिहिले,
साइन पण, कोसाइन पण.
मला कोसाइन कळत नाही.
मला एवढंच कळतं, अडचणीच्या जागी
पान्याचं टोक कुठल्या भिंतीला घासणार.
म्हटलं, खाली गेलं खरं,
पण अजून उजवीकडेच आहे की.

तिने एक चिन्ह खोडलं.
चिमटीत मावेल एवढं उणं
रबराच्या चुऱ्यासकट फरशीवर पडलं.

एक सांगायचं राहिलं तिला.
बोल्टचं डोकं वर आणि आपण मशीनखाली उताणे,
तर हीच दिशा उलटी दिसते.
नवा पोरगा जहीर पहिल्या आठवड्यात
सोडायचा बोल्ट तासभर आवळत बसला होता,
कपाळावर शीर तट्ट.
कुठून बघतोय ते आधी ठरवायचं, पोरा,
धन-ऋण मग.

आता तिला सगळीकडे तेच दिसतं.
सूरसागराच्या काठाने लोक चालतात,
मधल्या महादेवाला उजव्या हाताशी ठेवून.
पप्पा, हे सगळे ऋण कोनात!
म्हटलं, हळू बोल.
देवाला चालतं, ती म्हणाली,
त्याच्याकडे उणे तीनशे साठला
पुण्य मिळतं.

आज अष्टमी. मैदानात गोल गरबा,
मधोमध ढोल आणि गाणारे,
भोवती घेरावर घेर,
सारे घड्याळाच्या उलट सरकणारे.
अख्खं बडोदं मिळून
एक भलामोठा नट सैल करतंय, असं वाटलं.
कुठला, ते कुणाला माहीत?
माझ्या मानेतला एक तर सुटलाच.

मी दोरीबाहेर, तिच्या नव्वदावर उभा.
ती आली, टाळी, गिरकी, गेली.
परत आली तेव्हा ओरडली, साडेचारशे!
शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं,
त्यांना वाटलं असेल पासची किंमत.
मग, आठशे दहा!
तिसऱ्यांदा, अकराशे...
पुढचं ढोलात बुडालं.

वहीत हे सारे एकाच रेघेवर येतात,
ती म्हणाली होती, अंतिम भुजा एकच.
असेल.
पण इथे दर खेपेला तिचा श्वास वेगळा,
कपाळावरची टिकली थोडी खाली,
आणि मी तोच, तिथेच,
एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेत.

खिशात पाना आहे.
निघताना स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता.
गेल्यावर त्याचा नट बघायचाय,
जोर लावायचा नाही, वॉशर जुना आहे.
थोडंसंच.
उणे वीस.